कापड मोजून, बोल्ट मात्र अंदाजाने?

आमचा धंदा कापडाचा. गिऱ्हाईक अडीच मीटर कापड मागते तेव्हा आम्ही तागा उलगडून नजरेने अंदाज करीत नाही, मीटर उचलतो. तीस-तीस वर्षे गादीवर बसलेल्या व्यापाऱ्याची नजर काही कच्ची नसते. डोळे मिटून हात फिरवला तरी सूत कोणत्या नंबरचे आहे, हे तो सांगू शकेल. तरीही कापड देताना तो मोजूनच देतो, कारण नजर थकते, घाईत चुकते आणि कधी कधी आपल्याच फायद्याकडे झुकते. मीटर मात्र कोणाच्याही बाजूने झुकत नाही. बाजारात आमची जी काही पत आहे ती या मोजून देण्यावर उभी आहे.

हाच व्यापारी, हाच कारीगर सुट्टीच्या दिवशी घरापुढे मोटारसायकल उभी करतो. बाजारातून आणलेले कॅरिअर, लेगगार्ड किंवा मोबाईलचा होल्डर स्वतःच बसवू लागतो. मजुरी वाचते, वेळही बरा जातो. यात वाईट काहीच नाही; हाताला काम येते ही चांगलीच गोष्ट आहे. पण तेथे तो मीटर विसरतो. पाना लावला, दात-ओठ खाल्ले, हलेनासा झाला की बोल्ट बसला! हलत नाही म्हणजे घट्ट, आणि घट्ट म्हणजे पक्का, असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा आहे आणि त्याची किंमत केवळ पैशात मोजता येत नाही, एवढेच आम्हांस या लेखात मांडावयाचे आहे.

हा विषय व्यापाराच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. भिवंडी असो, मालेगाव असो, इचलकरंजी असो की सोलापूर, आमच्या लहान धंद्याचा निम्मा भार मोटारसायकल वाहते. सुताची पोती, कापडाचे गठ्ठे, तयार कपड्यांच्या पिशव्या, शिवणकामाचा माल या दुकानातून त्या घरी तिच्याच कॅरिअरवरून जातो. संध्याकाळी त्याच गाडीवर मागे घरची मंडळी बसतात. चालत्या गाडीचे कॅरिअर एका बाजूने सुटले आणि गठ्ठा मागच्या चाकात गेला तर काय होईल, ते सांगावयाची गरज नाही. साडीगार्डचेही तेच. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ यांतील १२३ व्या नियमाने मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी पकडावयाची मूठ, फुटरेस्ट आणि कपडा चाकात अडकू नये म्हणून निदान अर्धे मागचे चाक झाकणारे संरक्षण असणे आवश्यक केले आहे. मागे बसलेल्या बाईचा पदर, ओढणी किंवा बुरखा आणि फिरते चाक यांच्यामध्ये तेवढेच एक साडीगार्ड असते आणि ते दोन-तीन बोल्टांवर टिकलेले असते.

मागावरचा हात आणि गाडीवरचा बोल्ट

आमच्या वस्त्यांत हुनर भरपूर आहे. मागाचा फिटर आवाज ऐकून सांगतो की कोठे काय ढिले झाले. पण नेमका हाच तयार हात मोटारसायकलवर घात करतो. यंत्रमागाचा सांगाडा बिडाचा, त्याचे बोल्ट जाड, पाने हातभर लांब; तेथे अंगाचा जोर लावावाच लागतो. मोटारसायकलवर ज्या बोल्टांनी आपण वस्तू जोडतो ते बहुधा ६ किंवा ८ मिलिमीटर जाडीचे असतात, आणि पुष्कळदा ते ॲल्युमिनियमच्या भोकात जातात. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा मऊ. मागाच्या हिशेबाने जोर लावला की आटे निघून येतात किंवा बोल्टची मान तुटते. मग लेथवाल्याकडे धाव घ्यावयाची, तुटलेला तुकडा काढावयाचा, नवे आटे मारावयाचे. वाचलेली मजुरी दामदुपटीने जाते.

तुटला तर निदान कळते. त्याहून वाईट म्हणजे जो तुटत नाही पण आतून ताणला जातो, तो बोल्ट. दिसावयास तो ठणठणीत असतो. चार महिन्यांनी खड्ड्यात गाडी आदळते तेव्हा तो दगा देतो. दुसऱ्या टोकाला काही जण आटे जातील या भीतीने बोल्ट अर्धवट सोडतात. तोही रस्त्यावर हळूहळू फिरत बाहेर येतो. दोन्ही रोगांचे मूळ एकच: मोजले नाही.

बोल्ट म्हणजे ताणलेला धागा

बोल्ट काम कसे करतो, हे विणकराला समजावणे सर्वांत सोपे आहे. बीमवरचा ताणा ढिला असेल तर कापड बिघडते, फाजील ताणला तर धागे तुटू लागतात. मधला एक योग्य ताण असतो आणि चांगला कारीगर तो राखतो. बोल्टचेही अगदी तसेच आहे. आपण तो आवळतो तेव्हा तो केसभर लांब होतो, म्हणजे ताणला जातो, आणि पुन्हा आखूड होऊ पाहताना दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. ही पकड त्या ताणातून येते. ६ मिलिमीटरचा साधा, कोरडा बोल्ट योग्य मापाने आवळला तर तो अंदाजे आठशे किलोंच्या दाबाने दोन भाग एकत्र धरतो. बोटाएवढ्या बोल्टला इतकी ताकद असताना त्यावर लटकण्याची गरजच काय?

अडचण अशी की हा ताण डोळ्यांना दिसत नाही. आपल्या हाताला कळतो तो फिरवण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात. या जोरातील साधारण निम्मा बोल्टचे डोके घासण्यात जातो, सुमारे चार दशांश आटे घासण्यात जातो आणि खरा ताण देण्यासाठी जेमतेम एक दशांश उरतो. म्हणून आटे गंजलेले असतील तर हाताला बोल्ट घट्ट लागतो, पण आत ताण नसतो. उलट आट्यांना तेल लावले तर त्याच जोरात ताण बराच वाढतो आणि बोल्ट मोडू शकतो. आटे ब्रशने स्वच्छ करावेत, पुसून कोरडे करावेत, आणि गाडीच्या पुस्तिकेत तेल लावा असे लिहिले नसेल तर लावू नये. हाताच्या अंदाजाला मर्यादा आहे ती अशी. हात कितीही तयार असला तरी घासण्याचा जोर कोठला आणि ताणण्याचा कोठला, हे त्याला वेगळे करता येत नाही.

आकडे कोणते

पहिला मान गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील आणि वस्तूबरोबर आलेल्या कागदातील आकड्याला. तो नसेल तर साध्या पोलादी बोल्टसाठी जपानी पद्धतीच्या मोटारसायकलींमध्ये रूढ असलेले आकडे साधारण असे आहेत: ५ मिलिमीटरच्या बोल्टला अर्धा किलोग्रॅम-मीटर, म्हणजे ५ न्यूटन-मीटर, ६ मिलिमीटरला १ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे १० न्यूटन-मीटर, ८ मिलिमीटरला २.२ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे २२ न्यूटन-मीटर. आणि १० मिलिमीटरला ३.५ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे ३४ न्यूटन-मीटर. प्लॅस्टिकवर बसणाऱ्या वस्तूंना हे आकडे लागू नाहीत. तेथे बोटांचा हलका जोर पुरे.

येथे एक फसगत होते, ती ध्यानात ठेवावी. गॅरेजमध्ये ज्याला ‘दहा नंबरचा बोल्ट’ म्हणतात तो पान्याचा नंबर असतो, बोल्टची जाडी नव्हे. ज्याला १० नंबरचा पाना लागतो तो बोल्ट बहुतेक वेळा ६ मिलिमीटरचा असतो. ज्याला १२ किंवा १३ नंबरचा लागतो तो ८ मिलिमीटरचा, आणि ज्याला १४ किंवा १७ नंबरचा लागतो तो १० मिलिमीटरचा. पान्याचा नंबर पाहून १० मिलिमीटरचा आकडा लावला तर ६ मिलिमीटरच्या बोल्टवर साडेतीनपट जोर पडेल आणि तो हातातच राहील. म्हणून जाडी आट्यांवर मोजावी.

हे माप देण्यासाठी टॉर्क पाना मिळतो. आकडा लावून हळू ओढले की ‘कट्’ असा आवाज येतो, तेथेच थांबावे. खात्रीसाठी आणखी दोन-चार वेळा कटकट करणे म्हणजे मापापुढे जाणे. हा पाना मुठीच्या मध्यावर धरावा, त्याने कधी बोल्ट सोडवू नये, आणि काम झाल्यावर त्याचा आकडा सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवावा. लहान बोल्टांसाठी साधारण ५ ते २५ न्यूटन-मीटरचा लहान पाना घ्यावा. मोठ्या पान्याच्या तळच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. एकट्याला खर्च जड वाटत असेल तर एका गल्लीतील चार-पाच घरांनी मिळून एक घ्यावा. तो रोज लागत नाही.

तोही नसेल तर व्यापाऱ्याच्या घरी दुसरे साधन असतेच: हूक असलेला वजनकाटा. साध्या पान्यावर बोल्टच्या मध्यापासून बरोबर १० सेंटिमीटरवर खूण करावी, तेथे काट्याचा हूक अडकवावा आणि पान्याशी काटकोन ठेवून ओढावे. काटा १० किलो दाखवील तेव्हा १ किलोग्रॅम-मीटर झाले. ६ मिलिमीटरचा बोल्ट बसला. ८ मिलिमीटरसाठी खूण २० सेंटिमीटरवर करावी आणि ११ किलोंवर थांबावे. ज्या काट्याने आपण सुताची कोकडी तोलतो त्याने बोल्ट तोलावयास काय हरकत आहे? एकदा-दोनदा असे केले की योग्य जोर हाताला कसा लागतो तेही कळते. मापाने शिकवलेला अंदाजच भरवशाचा असतो. पान्याला पाइप जोडून लांबी वाढवणे मात्र कटाक्षाने टाळावे. १२ सेंटिमीटरवर ८ किलो लावले तर १ किलोग्रॅम-मीटर होते. तेच ८ किलो ३० सेंटिमीटरच्या पाइपाच्या टोकाशी लावले तर अडीचपट होते, आणि हाताला फरक काहीच जाणवत नाही.

आवळण्यापूर्वी

माप बरोबर असून बोल्टच चुकीचा असेल तर उपयोग नाही. कॅरिअरबरोबर आलेले बोल्ट पुष्कळदा मऊ लोखंडाचे असतात आणि डोक्यावर काहीच लिहिलेले नसते. भार घेणारा बोल्ट डोक्यावर ८.८ लिहिलेला घ्यावा. वर दिलेले आकडे बिनखुणेच्या मऊ बोल्टला सोसतीलच असे नाही.

वस्तूची पट्टी मध्ये आली की जुना बोल्ट तेवढाच आखूड पडतो. तो दोन-तीन आट्यांवर कसाबसा धरला तर ते दोन-तीन आटेच सारा भार घेतात आणि निघून येतात. पोलादात निदान बोल्टच्या जाडीएवढी, ॲल्युमिनियममध्ये दीडपट ते दुप्पट लांबी आत गेली पाहिजे. फार लांब बोल्टही नको. बंद भोकात तो तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो आणि पट्टी मात्र सैलच राहते. जेथे नट आहे तेथे नटाबाहेर दोन-तीन आटे दिसावेत.

हार्डवेअरच्या दुकानातून १० मिलिमीटरचा बोल्ट आणताना जुना बोल्ट बरोबर न्यावा. दुकानात मिळणाऱ्या साध्या बोल्टच्या आट्यांमध्ये दीड मिलिमीटरचे अंतर असते, मोटारसायकलवर पुष्कळदा सव्वा मिलिमीटरचे. दोन फेरे जातात, मग अडतो, आणि पान्याने रेटला की भोक कायमचे बिघडते. यासाठी साधा नियम आहे: प्रत्येक बोल्ट आधी बोटांनी फिरवावा. बोटांनी चार-पाच फेरे न जाणाऱ्या बोल्टला पाना लावूच नये. यामाहाच्या अनेक गाड्यांवर उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, तेथेही ‘जाम आहे’ म्हणून जोर लावण्यापूर्वी दुसऱ्या बाजूला फिरवून पाहावे.

कॅरिअरची भोके जुळत नसतील तर बोल्टने ओढून जुळवू नयेत. तसे केले तर बोल्टची ताकद पट्टी वाकवण्यातच संपते. कानशीने भोक लांबट करावे आणि वर जाड चकती घालावी. सर्व बोल्ट आधी सैल लावावेत, वस्तू सरळ बसवावी, मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे, दोन-तीन खेपांत आवळावेत. शिंपी कोट शिवताना आधी कच्चा धावदोरा घालतो आणि मग पक्की शिलाई मारतो. तोच क्रम येथे.

आवळल्यानंतर

‘स्प्रिंग वॉशर घातला आहे, आता सुटणार नाही’, असे आम्ही नेहमी ऐकतो. १९६९ साली गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने प्रयोग करून दाखवले की जोडलेले भाग आडवे सरकू लागले की बोल्ट आपोआप फिरून सुटतो. हे सरकणे थांबवतो तो पुरेसा ताण. स्प्रिंग वॉशर त्या ताणाची जागा घेऊ शकत नाही. नायलॉनचा नट चांगला, पण तो सायलेन्सरजवळच्या उष्णतेत लावू नये, आणि बोटांनी सहज फिरू लागला की बदलावा. आटे चिकटवणारे द्रव वापरावयाचे तर निळे, मध्यम जोराचे घ्यावे. लाल लावले तर पुन्हा सोडवताना आगीने तापवावे लागते.

नव्या वस्तूखालचा रंग व रबर काही दिवस दबत राहतात आणि तेवढा ताण कमी होतो. म्हणून पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा त्याच मापाने तपासावेत. आवळल्यावर बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या पट्टीवर रंगाची एक सरळ रेघ ओढावी. तागा फोडला गेला आहे की नाही हे जसे शिक्क्यावरून कळते, तसे रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला हे लांबूनच कळते. रोज सकाळी गाडी पुसताना नजर टाकली तरी पुरे.

एक सीमा मात्र घरच्या कारीगराने ओलांडू नये. ब्रेक, चाकाचा ॲक्सल आणि पुढचा चिमटा यांचे बोल्ट घरी अंदाजाने सोडू-बसवू नयेत. काही कॅरिअर व साडीगार्ड मागच्या शॉकअपच्या बोल्टवरच बसतात, काही लेगगार्ड इंजिनच्या बोल्टवर. तेथे पुस्तिकेतील आकडा आणि टॉर्क पाना दोन्ही हाताशी असतील तरच काम घ्यावे, गाडी पक्की टेकवून घ्यावी आणि एका वेळी एकच बोल्ट सोडावा. नाहीतर मिस्त्रीकडे जावे.

मिस्त्री आणि गिऱ्हाईक

मिस्त्रीकडे तरी माप असते काय, हा प्रश्न रास्त आहे. आमच्या बाजारांत वस्तू विकणारी पुष्कळ दुकाने बसवून देण्याचे काम ‘फुकट’ करतात. पाच मिनिटांत चार बोल्ट दाबून गाडी बाहेर. फुकट कामाला माप कोण लावणार? यात दोष एकट्या दुकानदाराचा नाही. मजुरीचे वीस-पन्नास रुपये वाचावेत म्हणून घासाघीस करणारे आपणच असतो. गिऱ्हाईकाने विचारावे, ‘किती टॉर्कने आवळला?’ आणि जो दुकानदार पाना काढून मापाने आवळून दाखवील, त्याला मजुरी आनंदाने द्यावी. चार गिऱ्हाइकांनी विचारले की पाचव्यासाठी पाना आपोआप दुकानात येईल. बाजाराची रीतच अशी आहे.

गॅरेजवाल्या बंधूंना आमचे सांगणे आहे की हा आकड्यांचा तक्ता भिंतीवर लावा आणि हाताखालच्या पोरांना पहिल्या दिवसापासून मापाने काम शिकवा. उस्तादाच्या हाताची जादू उस्तादाबरोबर जाते, तक्त्यावरचा आकडा शागिर्दाच्या कामी येतो. शाळा अर्धवट सुटलेली कितीतरी मुले या धंद्यात आहेत. माप, आकडा आणि कारण ठाऊक असलेला मुलगा उद्या मोठ्या कारखान्याच्या दारात ताठ मानेने उभा राहील. ज्याला केवळ जोर लावणे ठाऊक आहे, त्याची उमेद जोर असेपर्यंतच.

देशात १९५६ सालच्या कायद्याने मेट्रिक मापे आली तेव्हा बाजारात कुरकुर झाली होती. गजाची सवय होती, हाताला गज ठाऊक होता. आज मीटरशिवाय आमचे एकही दुकान उघडत नाही आणि कोणाला त्यात आपल्या हुनराचा अपमान वाटत नाही. बोल्टलाही तोच न्याय लावावा. कापडात चार बोटे कमी गेली तर गिऱ्हाईक परत येऊन भांडते आणि आपण भरपाई करून देतो. कॅरिअरचा बोल्ट चुकला तर भरपाई करून देण्याजोगे काही हाती उरेलच असे नाही.